रिकामी चौकट म्हणजे नकार नव्हे

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. शिक्षण कशाने सुटते हे म्हणूनच मला पुस्तकात शोधावे लागत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या मुलाची शाळा सुटते तेव्हा फी, एस.टी.चे भाडे, घरची मजुरी आणि जातीवरून झालेला अपमान ही कारणे हातात हात घालून येतात. महाविद्यालयातले आमचे विद्यार्थी मोबाईलवरून पाहणी करतात, तेव्हा ‘लागू असतील ती सर्व उत्तरे निवडा’ असे विचारतात, ते योग्यच आहे. एकच उत्तर मागणारा प्रश्न माणसाला छाटतो. जनगणनेत मातृभाषा एकच नोंदली जाते; अहिराणी आणि मराठी दोन्हींत वाढलेल्याला एक निवडावी लागते. अमेरिकेच्या जनगणनेने २००० साली प्रथमच एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा दिली, तेव्हा सुमारे ६८ लाख लोकांनी ती घेतली.

परंतु असा प्रश्न विचारणे सोपे, मोजणे अवघड. समजा, १०० मुलांनी उत्तरे दिली : फी ६०, भाडे ४५, मजुरी ३५, जातीवरून अपमान २०. एकूण खुणा १६०. माणसांच्या संख्येने भागले तर अपमान सांगणारे २० टक्के. खुणांच्या संख्येने भागले तर साडेबारा. पाचांतला एक मुलगा आठांतला एक झाला! जातीचा प्रश्न असा नुसत्या भागाकाराने लहान करता येतो. म्हणून कशाने भागले ते अहवालात लिहिलेच पाहिजे. माणसांवर भागल्यास टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाते. त्याने बिचकू नये.

दुसरी गोष्ट रिकाम्या चौकटीची. खूण नसली की ‘नाही’ असे समजले जाते. प्रत्यक्षात पर्याय वाचलाच नसेल, घाईत सुटला असेल, सांगण्याची भीती वाटली असेल. पडद्यावरच्या लांब यादीत वरच्या पर्यायांवर अधिक खुणा पडतात. जातीचा पर्याय कायम तळाशी ठेवला तर तो तळाशीच राहणार. म्हणून पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलावा. ‘यांपैकी काहीही नाही’ असा पर्याय द्यावा. आणि जो प्रश्न कळीचा, तो यादीतून काढून ‘होय की नाही’ असा स्वतंत्र विचारावा. तसे विचारल्यावर होकार अधिक मिळतात. ज्याच्या हाती मोबाईलच नाही, त्याच्या दारी कागद घेऊन जावे.

येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. त्या आकड्यांचेही भागाकार होतील. ते तपासणारी माणसे आपल्या वस्तीतून तयार झाली पाहिजेत.