बेस गळतो कुठून?

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हेडफोन घ्यायला गेलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बेस कसा आहे?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं : "एकदम दणका!" खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एक्स्ट्रा बेस’ छापलेलं असतंच. पैसे दिले जातात, आणि घरी आल्यावर चार दिवसांत सूर बदलतो. गाण्यातला दणका गेला कुठे?

टेक्नो, सायट्रान्स, डबस्टेप, ड्रम अँड बेस ऐकणाऱ्यांना हा प्रश्न जास्त छळतो. भावगीतात बेस थोडा कमी पडला तर गाणं तरून जातं. या संगीतात मात्र बेस हेच गाणं असतं. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून वरचं ऐकतो. २० ते ६० हर्ट्झचा पट्टा म्हणजे सब-बेस, ऐकू येण्यापेक्षा जाणवणारा. ६० ते २५० म्हणजे आपण एरवी ज्याला बेस म्हणतो तो. रोलँड कंपनीनं १९८० साली काढलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनची लांब घुमणारी किक ५० हर्ट्झच्या आसपास वाजते. सायट्रान्सचा बेस बहुतेकदा ४० ते ५०च्या दरम्यान बांधलेला असतो. स्वस्तातला हेडफोन निवडताना कस लागतो तो याच तळाच्या पट्ट्यात, आणि गैरसमजही याच पट्ट्याबद्दल सगळ्यात जास्त आहेत.

गैरसमज : ड्रायव्हर मोठा, म्हणजे बेस मोठा

ड्रायव्हर म्हणजे हेडफोनच्या आतला छोटा स्पीकर. मोकळ्या जागेत हे बरोबर आहे. मिरवणुकीतल्या डॉल्बीला १८ इंची वूफर लागतात, कारण त्यांना अख्ख्या रस्त्यावरची हवा हलवायची असते. कानात बसणाऱ्या इयरफोनला हलवायची असते ती एखाद-दोन मिलीलिटर हवा. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या दाबला की लगेच दाब लागतो, आणि बोट जरा उचललं की कितीही जोर करा, हवा फुस्स. इयरफोनचंही तसंच. कानाची नळी नीट बंद झाली असेल तर १० मिलीमीटरचा ड्रायव्हर २० हर्ट्झपर्यंत व्यवस्थित उतरतो. फट राहिली तर मोठ्यातला मोठा ड्रायव्हरही तळाला पांगळा होतो.

फटीतून नेमका बेसच का गळतो? ४० हर्ट्झच्या सुरात ड्रायव्हरचा पडदा एकदा पुढे जाऊन मागे यायला २५ मिलिसेकंद घेतो. तेवढ्या वेळात दाबलेली हवा फटीतून निसटून जाते. ४००० हर्ट्झला हेच चक्र पाव मिलिसेकंदात उरकतं, तिथे हवेला पळायला सवडच मिळत नाही. म्हणून फट असली तरी गायकाचा आवाज, टाळ्या, झांजा सगळं ठीकठाक येतं आणि फक्त तळ गायब होतो. कमी होतो म्हणजे किती? दहा डेसिबल सहज, कधी त्याहूनही जास्त. ऐकणाऱ्याला वाटतं, हेडफोनच फुसका निघाला.

घरात तपासायला काहीच खर्च नाही. यूट्यूबवर किंवा टोन जनरेटरच्या एखाद्या मोफत अ‍ॅपवर ४० हर्ट्झचा सूर लावा, आवाज बेताचा ठेवा, आणि दोन्ही इयरफोन बोटांनी हलकेच आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम भरदार झाला तर इतके दिवस बेस गळत होता. खोक्यात मिळणाऱ्या तीन मापांच्या रबरी टिप्सपैकी मधली आधीच लावलेली असते, आणि बहुतेक जण ती कधी बदलतच नाहीत. पुष्कळांच्या दोन कानांची मापंही सारखी नसतात. डाव्याला मोठी आणि उजव्याला मधली टिप लावण्यात काही गैर नाही. घालताना दुसऱ्या हातानं कान वर आणि थोडा मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते आणि टिप नीट बसते. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये ही फट बहुतेकदा चष्म्याची काडी पाडते. उशी पातळ आणि कडक, काडी जाड, की बेस गेलाच. चष्मेवाल्यांनी दुकानात चष्मा घालूनच ऐकावं.

टिप नसलेले, नुसते कानात अडकवायचे कडक प्लॅस्टिकचे इयरबड या संगीतासाठी घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते रस्त्यावर सोयीचे असतील, पण फट हाच त्यांचा आकार आहे.

एक चलाख आक्षेप नेहमी निघतो. ४० हर्ट्झच्या लाटेची हवेतली लांबी साधारण साडेआठ मीटर, मग ती कानात मावणार कशी? तिनं मावायची गरज नसते. कानाच्या पडद्याला हवा असतो दाबातला चढउतार, आणि तो बंद नळीत चोख तयार होतो. खरी उणीव वेगळीच आहे. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर छातीत आणि तळपायात जे घुमतं, ते अख्ख्या अंगाला बसलेल्या लाटांमुळे. ते कुठलाच हेडफोन देत नाही, वीस हजारांचाही नाही. ती अपेक्षा सोडली तर निवड बरीच सोपी होते.

गैरसमज : बेस जितका जास्त तितका चांगला

हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर १९९०च्या आगेमागे जे गोवा ट्रान्स आकाराला आलं, त्याचंच पुढचं अपत्य म्हणजे सायट्रान्स. त्याची एक ओळ जवळून पाहू. वेग मिनिटाला १४५ ठोके धरला तर एक ठोका साधारण ४१४ मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला येतात जेमतेम १०३ मिलिसेकंद. पहिल्या भागात किक, उरलेल्या तीन भागांत बेसचे तीन तुटक सूर, आणि दोन सुरांच्या मध्ये बारीकशी शांतता. ती शांतता ऐकू आली तर बेस धावतो. ती भरून गेली तर सगळा एकसलग गुरगुराट होतो, बंद दाराबाहेर उभ्या ट्रकच्या इंजिनासारखा.

ही शांतता कोण भरतं? बेसवाले म्हणून विकले जाणारे बरेच स्वस्त हेडफोन तळाचा ४०-५० हर्ट्झचा भाग वाढवतच नाहीत, ते १०० ते २५० हर्ट्झच्या मधल्या बेसला फुगा आणतात. दुकानात पाच मिनिटं ऐकताना फुगा छान वाटतो. घरी तासभर ऐकलं की डोकं जड होतं आणि सिंथचे बारीकसारीक आवाज त्याखाली दबतात. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ पासून बाजारात आहे, हलका आहे, परवडतो, आणि त्याच्यावर प्रेम करणारे जगभर आहेत. पण तो कानावर मोकळा बसणारा. त्याचा मधला बेस गुबगुबीत आणि सब-बेस उतरता. त्यावर जुनं हाऊस झकास वाजतं, डबस्टेपचा तळ मात्र अर्धाच ऐकू येतो.

उलट बाजूनं, ‘बेस आवडतो म्हणजे कान अडाणी’ असा एक शिष्ट समजही आहे. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात अनेक श्रोत्यांना वेगवेगळे हेडफोन-आवाज ऐकवून पसंती तपासली. बहुसंख्यांना सपाट आवाजापेक्षा तळ काही डेसिबलनं उचललेला आवाज आवडला. फक्त ही उचल साधारण १०० हर्ट्झच्या खाली सुरू होते, २०० वर नाही. तळ उचलणं आणि मध्य फुगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खोक्यावरच्या ‘एक्स्ट्रा बेस’वरून त्यातलं आत काय आहे ते कळत नाही.

खोक्यावरचे आकडेही फारसे मदतीला येत नाहीत. ‘५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ असं छापलेलं असतं, पण ५ हर्ट्झला आवाज किती डेसिबलनं पडला ते लिहिलेलं नसतं. तीस डेसिबलनं पडला असला तरी आकडा छापता येतोच. त्यापेक्षा मोजमाप करून आलेख देणारे समीक्षक आता पुष्कळ आहेत. आलेखाच्या डाव्या टोकाला रेघ वर राहते की घसरते, आणि २०० हर्ट्झच्या आसपास टेकाड आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धं काम झालं.

गैरसमज : ब्लूटूथमध्ये बेस मरतो

ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवतात हे खरं. पण दाबताना कात्री लागते ती मुख्यतः वरच्या, बारीक आवाजांना. बेसला माहितीची जागा फारच थोडी लागते. साध्या एसबीसी कोडेकमध्येही ४० हर्ट्झचा सूर सुखरूप पोचतो. तेव्हा ‘एलडॅक’सारखा भारी कोडेक नाही म्हणून बेस कमी, असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

वायरलेस इयरबडमध्ये बेस ठरवते आतली चिप. काही मॉडेल आवाज फार वाढवला की ड्रायव्हर वाचवण्यासाठी बेस गुपचूप कमी करतात. मग व्हॉल्यूम वाढतो आणि दणका कमी होतो. दुकानात ऐकताना अर्ध्या आवाजावर आणि नंतर पाऊण आवाजावर तेच गाणं ऐकून पाहा, लगेच उमगेल.

नॉइज कॅन्सलेशनला लोक चैन समजतात. प्रवासात ऐकणाऱ्यासाठी तो सरळ बेसचा प्रश्न आहे. एसटीच्या इंजिनाची घरघर, लोकलच्या चाकांचा खडखडाट यांचा मोठा भाग खालच्या पट्टीतच असतो आणि तो गाण्यातला बेस झाकून टाकतो. रबरी टिप माणसांचे आवाज बऱ्यापैकी अडवते, ही घरघर तितकी अडवत नाही. नॉइज कॅन्सलेशन नेमकं तिथेच चांगलं चालतं. रोज दोन तास लोकलमध्ये काढणाऱ्यानं त्यासाठी हजार-पाचशे जास्त मोजावेत. रात्री खोलीत ऐकणाऱ्यानं तेच पैसे वायरच्या इयरफोनवर घालावेत, कारण त्याच किमतीत वायरमध्ये आवाज बहुतेकदा सरस मिळतो. आजघडीला दीड ते अडीच हजारांत मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हन हर्ट्झचा झीरो २ असे इयरफोन मिळतात. बेसच्या माणसानं यातला दुसरा आधी ऐकावा, त्याचा तळ मुद्दाम उचललेला आहे. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल लागेल.

अ‍ॅम्पशिवाय बेस निघत नाही, हा सल्ला मिळालेली माणसं २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन घेऊन बसतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो, आणि फोनला जोडायला त्यातला शेवटचा चुकीचा. फोनवर तो आवाजानंच कमी पडतो, आणि हळू आवाजात बेस आणखी पातळ वाटतो. फिरताना वापरायचे बहुतेक इयरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात, फोन त्यांना सहज वाजवतो.

गैरसमज : बेस हवा तर आवाज वाढवा

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज, कारण किंमत कान मोजतात. मुळात त्यात तथ्य आहे. बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाही कानावर येतो, ४० हर्ट्झचा जेमतेम ऐकू यायलाच सुमारे ५० डेसिबल लागतात. म्हणून व्हॉल्यूम वाढवला की बेस भरल्यासारखा वाटतो, पण त्याबरोबर हाय-हॅट आणि सिंथही तेवढेच वाढतात, आणि कानाला इजा त्यांच्याकडून जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४.

त्यापेक्षा इक्वलायझर वापरा. तो लावणं म्हणजे कलाकाराचा आवाज बिघडवणं, अशी एक सोवळी समजूत आहे. पण हेडफोननं आधीच बिघडवलेलं सुधारायचं असेल तर दुसरा मार्ग कुठला? बरेच जण ४० हर्ट्झ वर खेचतात आणि आवाज फाटायला लागतो. आधी २०० हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल खाली करून पाहावं. फुगा उतरला की तळ आपोआप मोकळा ऐकू येतो. तरी कमी वाटला तर ६० च्या खाली चार डेसिबल उचला आणि इक्वलायझरमधला प्रीअ‍ॅम्प, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, तेवढ्याच डेसिबलनं खाली आणा, म्हणजे फाटणार नाही. मात्र फट असेल तर इक्वलायझरचा काही उपयोग नाही. गळकी जागा तशीच राहते आणि ड्रायव्हर उगाच राबतो.

‘शंभर तास वाजवा, मग बेस खुलेल’ हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य. तेवढ्या तासांत डोक्यावरच्या हेडफोनची उशी दबून मऊ होते, फट बुजते आणि बेस खरंच थोडा वाढतो. बाकी बदल बहुधा कानाला सवय झाल्याचा असतो. शंभर तास होईपर्यंत माल परत करण्याची मुदत मात्र संपलेली असते. कानात घालायचे इयरफोन तर स्वच्छतेचं कारण सांगून बरेच विक्रेते खोकं उघडल्यावर परत घेतच नाहीत, हे ऑनलाइन मागवण्याआधी वाचून घ्यावं. फोमच्या किंवा रुंद तोंडाच्या जास्तीच्या टिप्सचं पाकीट दोन-चारशे रुपयांत मिळतं. नवा हेडफोन घेण्याआधी ते एकदा जुन्यालाच लावून पाहा.