पाऊणकीचा पाढा आणि मुंबईचे सण

बदलीवर मुंबईत येणाऱ्या सहकाऱ्याला या शहराची पहिली ओळख होते ती बहुधा लोकल गाड्यांच्या वेळापत्रकाने. त्याहून कितीतरी जुने असे दुसरे एक वेळापत्रक या शहरात पाळले जाते. ते मात्र त्याच्या हाती कोणी देत नाही. ते वेळापत्रक आहे समुद्राचे. नारळी पौर्णिमा, गणेश विसर्जन, छठपूजा हे मुंबईचे मोठे लोकोत्सव समुद्राच्या काठी साजरे होतात आणि काठ कोठवर आहे हे ठरवते भरती-ओहोटी. लखनौ, पाटणा वा नागपूर येथून आलेल्या कुटुंबाला नदीचा घाट परिचयाचा असतो. परंतु दुपारी जेथे मुले वाळूत खेळली, तेथेच रात्री छातीइतके पाणी असू शकते, हे त्यांच्या अनुभवाबाहेरचे असते. म्हणूनच या लेखात सणांची ओळख करून घेताना आपण समुद्राचा हिशेबही समजून घेऊ.

तिथी आणि भरती

भरतीचे प्रमुख कारण चंद्राचे आकर्षण होय. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असताना चंद्रही पुढे सरकत असतो. त्यामुळे एखादे ठिकाण पुन्हा चंद्रासमोर येण्यास सुमारे 24 तास 50 मिनिटे लागतात. या अवधीत मुंबईच्या किनाऱ्यावर दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. साहजिकच भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे जाते. आपली तिथीदेखील चंद्राच्याच गतीवर बेतलेली असल्याने तिथी आणि भरती यांची सांगड कायमची जुळलेली आहे.

कोकण किनाऱ्यावरील जाणत्यांनी यातून एक सुटसुटीत ठोकताळा काढला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. ज्या ज्येष्ठ वाचकांनी शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ केली असेल, त्यांना हे गणित तोंडी येईल. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांस नियम एकच. एक भरती दिवसा, दुसरी सुमारे साडेबारा तासांनी. आणि प्रत्येक भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा ठोकताळा लेखापरीक्षकाच्या कसोटीस उतरणारा नव्हे. रोजची वाढ पाऊण तासाहून थोडी अधिक असल्याने पंधरवड्याच्या अखेरीस हिशेब मागे पडतो. चतुर्दशीला गणिताने साडेदहा येतात, प्रत्यक्षात भरती अकराच्या सुमारास असते. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराकडे झुकते. तास-अर्ध्या तासाचा फरक गृहीत धरून दिवसाची आखणी करण्यास हा नियम पुरेसा आहे. पाण्यात उतरायचे असेल तर मात्र त्या दिवसाचे अधिकृत वेळापत्रकच पाहावे.

पाणी किती चढणार, हेही तिथीवरून कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकत्र येते आणि उधाणाची भरती होते. अष्टमीच्या सुमारास ते परस्परांना छेद देते; तेव्हाची भरती मंद असते. तिला भांगाची भरती म्हणतात. मुंबईत उधाणाचे पाणी पावसाळ्यात साडेचार मीटरांहून वर जाते. अशा दिवसांची यादी बृहन्मुंबई महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीच प्रसिद्ध करते.

नारळी पौर्णिमा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ आणि समुद्रही खवळलेला. या विश्रांतीनंतर श्रावणी पौर्णिमेस कोळी बांधव दर्याला सोनेरी वर्ख लावलेला नारळ अर्पण करतात आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. वरळी, माहीम, वेसावे येथील कोळीवाड्यांत त्या दिवशी मिरवणुका निघतात आणि घरोघरी नारळीभात शिजतो. पाहुण्याने या सोहळ्यास अवश्य जावे. मिरवणुका बहुधा सायंकाळी किनाऱ्यावर येतात. त्या वेळी ओहोटी असल्याने वाळूचा पट्टा रुंद दिसतो, परंतु ही उधाणाची तिथी आहे. दिवेलागणीनंतर पाणी परतू लागते आणि मध्यरात्रीपर्यंत चढत राहते. खडकांवर बसून चांदणे पाहण्याचा मोह तेव्हा आवरावा.

गणेश विसर्जन

लोकमान्य टिळकांनी 1893 साली गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले आणि त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईक चाळीत उत्सव सुरू झाला. 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन बहुधा पंचमीस येते. पाचची पाऊणपट पावणेचार. म्हणजे सायंकाळी आरती आटोपून निघालेल्या कुटुंबास उतरते पाणी मिळते. लहान मुलांना विसर्जन दाखवण्यास हा दिवस उत्तम.

अनंत चतुर्दशीचा हिशेब निराळा. त्या दिवशी भरती सकाळी अकराच्या आणि रात्री पुन्हा अकरा-साडेअकराच्या सुमारास, तर ओहोटी सायंकाळी पाचच्या आगेमागे. चौपाटीवर गर्दी वाढत जाते तसे पाणीही वाढत जाते. मिरवणूक पाहायची असेल तर दुपारी लवकर पोहोचून पाण्यापासून दूर, परतीची वाट मोकळी राहील अशी जागा घ्यावी.

तिथी बदलली की गणितही बदलते, याचा प्रत्यय 2025 साली आला. त्या वर्षी अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती. लालबागच्या राजाची मिरवणूक गिरगाव चौपाटीवर पोहोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पौर्णिमेस. भरतीचे पाणी चढत होते आणि मूर्ती तराफ्यावर घेता येईना. हजारो भाविक ताटकळले. दुपार उलटून पाणी उतरल्यावर मूर्ती तराफ्यावर चढली आणि विसर्जन रात्री पार पडले.

या दिवसांत किनाऱ्याजवळ पाकट व जेलीफिश आढळतात. अनवाणी पाण्यात शिरू नये, दंश झाल्यास जवळच्या प्रथमोपचार केंद्रात त्वरित जावे. 2025 च्या उत्सवात उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती कृत्रिम तलावांत विसर्जित झाल्या. घरगुती गणपतीसाठी असा तलाव सोयीचाही असतो; त्यास भरती-ओहोटीचे बंधन नाही.

छठपूजा आणि इतर उत्सव

कार्तिक शुक्ल षष्ठीला उत्तर भारतीय बंधुभगिनी जुहूच्या किनाऱ्यावर मावळत्या सूर्यास आणि सप्तमीच्या पहाटे उगवत्या सूर्यास अर्घ्य देतात. पाऊणकीने षष्ठीची भरती दुपारी साडेचारला आणि सप्तमीची पहाटे सव्वापाचला. दोन्ही अर्घ्यांच्या वेळी पाणी नुकतेच उतरू लागलेले असते, शिवाय अष्टमी जवळ आल्याने भरतीचा जोरही कमी झालेला असतो. गंगेकाठचे हे व्रत दूरच्या समुद्राशी असे जुळून गेले आहे.

इंग्रजी तारखांनी येणाऱ्या उत्सवांसाठी भिंतीवरील दिनदर्शिकेत तिथी पाहावी लागते. 8 सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा भरते. कोळी समाज या मातेस मोत मावली म्हणतो. दर्शनानंतर पावले खालच्या खडकाळ किनाऱ्याकडे वळतात, तेव्हा तिथी आठवावी. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या दुपारी तेथे जाण्याचा बेत टाळावा. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन (आरंभ 2004) आणि काळा घोडा कला महोत्सव (आरंभ 1999) यांना मात्र समुद्राचे बंधन नाही. हवा कोरडी, ऊन सौम्य. सहकुटुंब फिरण्यास याहून चांगले दिवस नाहीत.

एक सूचना आवश्यक आहे. हा ठोकताळा मुंबई व लगतच्या किनाऱ्यापुरताच आहे. चेन्नई किंवा पुरी येथील आमच्या वाचकांनी तो वापरू नये. तेथील भरतीच्या वेळा निराळ्या आणि पाण्याची चढउतारही पुष्कळ कमी असते. आपल्या गावच्या किनाऱ्याचा नियम तेथील मच्छीमारांस विचारावा. या विचारपुशीतून अनेकदा सणाचे निमंत्रणही मिळून जाते.

पुढच्या सणाला घराबाहेर पडण्यापूर्वी आज तिथी कोणती, हे मुलांना विचारा आणि तिची पाऊणपट त्यांच्याकडूनच करवून घ्या. येणारे सर्व सण आपणास आनंदाचे व सुरक्षिततेचे जावोत, ही सदिच्छा.