हेडफोन का खरखरतो?

माझी भाची मॉरिशसमध्ये वाक्वा येथे राहते. तिच्या आजोबांनी गणेश चतुर्थीला म्हटलेले झाकरीचे एक गाणे घरच्या फोनमध्ये जपून ठेवले आहे. आजोबा आता नाहीत. गाणे तेवढे उरले आहे. एके दिवशी तिने हेडफोन लावून ते ऐकले, तर ढोलकीच्या प्रत्येक थापेला खर्र, खर्र असा आवाज येऊ लागला.

"मामा, आजोबांचे गाणे बिघडले!" असे म्हणून ती रडू लागली.

मुलांनो, बिघाड गाण्यात होता, फोनमध्ये होता की हेडफोनमध्ये? हे शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कोणाचा ते कळत नाही.

प्रथम आम्ही आवाज कमी केला. आवाज फार मोठा ठेवला, तर हेडफोनला तो झेपत नाही आणि फाटल्यासारखा ऐकू येतो. (कानांनाही तो वाईटच.) पण खरखर गेली नाही. मग फोन तोच, गाणे तेच, हेडफोन मात्र शेजारच्या काकांचा लावला. गाणे अगदी स्वच्छ! भाचीने डोळे पुसले. गाणे चांगले होते आणि फोनही चांगला होता. दोष आमच्या हेडफोनचा होता.

हेडफोनच्या आत काय असते? कानापाशी एक पातळ पडदा असतो. त्याच्या मागे बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि जवळच लोहचुंबक असतो. वेटोळ्यात फोनमधून वीज आली, की ते मागेपुढे हलते. त्याबरोबर पडदा हलतो, हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. बारीक आवाजाला पडदा एका सेकंदात हजारो वेळा हलतो, पण अगदी थोडा थोडा. ढोलकीच्या घुमणाऱ्या आवाजाला तो कमी वेळा हलतो, पण जास्त लांब सरकतो.

"मामा, टाळ वाजतात तेव्हा खरखर येत नाही. ढोलकीलाच येते," भाची म्हणाली.

तिने फार चांगले ऐकले होते! आम्ही हेडफोनची तार हलवून पाहिली. तार आतून तुटली असेल, तर हलवताना आवाज जातो आणि येतो. तसे झाले नाही. म्हणजे पडदा लांब सरकला, की कशाला तरी लागत असावा.

कानावरची मऊ गादी मी हळूच काढली. दिव्याखाली पाहिले, तर जाळीच्या भोकातून एक लांब केस आत गेला होता. चिमट्याने तो अलगद ओढून काढला. अशा वेळी सुई किंवा टाचणी आत मुळीच घालू नये. पडदा फाटला, तर तो शिवता येत नाही.

केस भाचीचाच होता! तिने वेणी घट्ट बांधली, हेडफोन लावला आणि आजोबांचे गाणे पहिल्यापासून ऐकले.