मांजराला लस टोचून आणल्यावर



कणगीतलं धान्य उंदरांपासून राखणारं मांजर घरातलंच एक होऊन जातं. पण पिसाळलेलं कुत्रं चावलं तर मांजरही पिसाळतं, आणि ते घरातल्या लेकरांच्या अंगाखांद्यावर खेळत असतं. म्हणून पिल्लू ३ महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. त्यानंतरची काळजी अशी घ्या.

पहिला अर्धा तास : लगेच घरची वाट धरू नका, दवाखान्यापाशीच थांबा. क्वचित एखाद्या मांजराला लस सोसत नाही. तोंड सुजतं, उलट्या होतात, धाप लागते. तसं दिसताच डॉक्टरांना दाखवा. घरी आल्यावरही दिवसभर लक्ष असू द्या.

पहिले दोन दिवस : मांजर सुस्त पडेल, अंग थोडं कढत लागेल, खाणं कमी होईल. यात घाबरण्यासारखं नाही. निवांत कोपऱ्यात गोणपाट अंथरून द्या. पाणी व रोजचंच खाणं जवळ ठेवा. टोचलेली जागा दुखत असते, म्हणून मुलांना उचलू देऊ नका. दुसऱ्या दिवशीही त्यानं तोंड लावलं नाही, तर दवाखान्यात न्या.

हे करू नका : अंग तापलं म्हणून माणसाची तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनंही ते दगावू शकतं. टोचल्या जागी चुना, रॉकेल असलं काही लावू नका. मांजर अंग चाटतं, लावलेलं सगळं पोटात जातं.

गाठ आली तर : बारीक गाठ बहुधा काही आठवड्यांत जिरते. महिन्यानंतरही वाढत राहिली किंवा ३ महिने टिकली, तर डॉक्टरांना दाखवा.

लस टोचली म्हणून गाफील राहू नका : लसीचा गुण अंगी यायला ३ ते ४ आठवडे लागतात. तोवर मांजर रात्री घरातच ठेवा. लस टोचलेलं असो वा नसो, मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. मिरची, हळद भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. या रोगाची लक्षणं एकदा दिसली, की माणूस सहसा वाचत नाही.

लस टोचल्याची तारीख कार्डावर लिहून घ्या. वर्ष भरलं की पुन्हा टोचायची आहे, हे विसरू नका.