वेग आणि फिरकी

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हात खालून फिरवून फेकतात, म्हणून इजा होत नाही, असा समज रूढ आहे. तो खरा नव्हे. वर्तुळाकार फिरणाऱ्या हाताचा ताण खांद्यावर व दंडाच्या स्नायूवर पडतो, आणि केवळ वेगाच्या मागे लागलेल्या मुली तो अकारण वाढवितात. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाची डावखुरी पिचर कॅट ऑस्टरमन वेगासाठी प्रसिद्ध नव्हती. तरीही २००६ पर्यंतच्या महाविद्यालयीन कारकिर्दीत तिने २,२६५ फलंदाज स्ट्राइकआउट केले. मनगटाच्या अखेरच्या झटक्याने ती चेंडूला पुढे घरंगळणारी फिरकी देई. ४३ फुटांवरील फलंदाजापाशी तो एकाएकी खाली उतरे. ही फिरकी जवळून, निव्वळ मनगटाने चेंडू सोडून साधता येते. सराव कंटाळवाणा खरा, पण खांदा शिणत नाही.