शस्त्र परवाना : हक्क की सवलत?

सोलापूर, प्रतिनिधी - चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना शस्त्र परवान्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. मात्र या दोहोंचा संबंध जुना आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली, युरोपीयांना मात्र सूट दिली. मे १९३० मध्ये याच शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात होता.

मग तो राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तशी सुधारणा मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकीय राजवटीत ही मागणी योग्यच होती, पण आता परिस्थिती पालटली आहे. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेऊ लागला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. सुधारणा फेटाळली गेली. कलम १९ ने सभेचा हक्क दिला, तोही शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा. अमेरिकेने १७९१ मध्ये नेमकी उलट वाट धरली होती.

आज १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. शहरात पोलिस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. वरातीत बेदरकारपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. (कमरेचे पिस्तूल प्रतिष्ठेसाठी मिरविणाऱ्यांनी हे वाचलेले बरे.)

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र परवान्यावर अवलंबून नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो प्रत्येकाला आहे, पण गरजेपुरताच.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते आंबेडकरांची भूमिका आजही योग्य ठरते. व्यक्तिस्वातंत्र्याचा खरा प्रश्न बंदुकीचा नसून अर्जाच्या फायलीचा आहे. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्याची गरज आणि पुढाऱ्याची हौस एकाच मापाने मोजली जाऊ नये. परवाना नाकारल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत, असे कलम १४ सांगते. सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल, तर मागणी केल्यावर ती अर्जदारास द्यावी लागतात. कलम १८ नुसार अपीलही करता येते. म्हणून नकार आल्यास आधी लेखी कारण मागावे.