ओल, ऊब आणि बुरशी

आषाढाचा पाऊस सुरू झाला, म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत कित्येक दिवस ऊन दिसत नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या या मुलखांत वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. शेणव्यासारख्या गांवीं भाताच्या खाचरांना जी ओल जीवन देते, तीच घरांत शिरली म्हणजे वहाणांवर पांढरी लव येते, पेटींतील लुगड्यांना कुबट वास लागतो, आणि कपाट जरा पुढें ओढलें तर मागच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसतात. मुंबईच्या गृहिणीसही हें चित्र अपरिचित नाहीं. तिच्या नळाला ज्या तलावांचें पाणी येतें, त्यांतील तानसा तलाव याच शहापूर तालुक्यांतला. पाऊस तोच, आणि बुरशीही तीच.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो. ओलें फडकें घेऊन ठिपके पुसले जातात, आणि पंधरा दिवसांनीं ते त्याच जागीं पुन्हां उमटतात. याचें कारण साधें आहे. बुरशी हें केवळ लक्षण आहे. मूळ विकार म्हणजे त्या जागीं सांचलेलें पाणी. तें पाणी कोठून येतें, हें शोधल्यावांचून केलेली सफाई व्यर्थ जाते.

बुरशी ही वनस्पति नव्हे आणि किडाही नव्हे. ती जीवसृष्टींतील एक निराळीच जात आहे. तिचे बीजाणु इतके सूक्ष्म असतात, कीं अगदीं स्वच्छ घराच्या हवेंतही ते तरंगत असतात. त्यांना रुजण्यास तीन गोष्टी लागतात: अन्न, ऊब आणि ओल. कागद, कातडें, सुती कापड, लांकूड, किंबहुना भिंतीवरील धूळसुद्धां त्यांना अन्न म्हणून पुरते. कोंकणपट्टींतील पावसाळी हवेची ऊब त्यांना मानवणारीच असते. म्हणजे माणसाच्या हातीं राहिली ती केवळ ओल. तिच्यावर ताबा मिळाला, तर उरलेल्या दोन गोष्टींचें बुरशीस कांहीं करतां येत नाहीं.

ही ओल नेहमींच गळतींतून येते असें नाहीं. हवा जितकी उष्ण, तितकी अधिक वाफ तिच्यांत मावते. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते. २६ अंशांच्या हवेंत सुमारें २४ ग्रॅमच. आतां खोलींतील हवा ३० अंशांची आणि तिची आर्द्रता शेंकडा ८० असेल, तर त्या हवेंत घनमीटरमागें सुमारें २४ ग्रॅम वाफ आहे. ही हवा २६ अंशांच्या एखाद्या थंड भिंतीस लागली, कीं तिची धारणाशक्ति संपते आणि भिंतीस घाम फुटतो. कपाटामागें, कोपऱ्यांत, अथवा ज्या भिंतीपलीकडे हवा थंड करणारें यंत्र चालूं आहे अशा भिंतीवर नेमके हेंच घडतें.

या मुलखांतील जुन्या पद्धतीच्या घरास हा हिशेब ठाऊक नव्हता. पण त्याच्या बांधणींत त्याचें उत्तर होतें. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेला कूड, उंच जोतें, पावसाची झड अडविणाऱ्या लांब पावळ्या आणि कौलांच्या फटींतून खेळणारी हवा यांमुळें ओल एका जागीं सांचून राहत नसे. चुलीच्या ऊबेनें माळ्यावरील बीं-बियाणें कोरडें राही. वैशाखाच्या उन्हांत वाळवणें होत, आणि पुष्कळ घरीं भिंतींस चुना लागे. चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळें ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाहीं. अर्थात् त्या घराचें सरसकट गुणगान करण्याचें कारण नाहीं. ज्या धुरानें बियाणें टिके, तोच धूर चुलीपुढें बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांस बाधत असे. सिमेंटच्या घरांतून धूर गेला, हें चांगलेंच झालें. पण त्याबरोबर हवेची वाटही बंद झाली. स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघरांतील वाफ आणि दोरीवरील ओल्या कपड्यांतलें पाणी हीं सारीं आंतच कोंडलीं.

म्हणून प्रथम भिंत वाचावयास शिकावें. डाग जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत असून तेथें पांढरा लोणा फुटला असेल, तर ओल जमिनींतून चढत आहे. डाग छताखालीं किंवा खिडकीभोंवतीं असेल, तर पावसाचें पाणी भेगेंतून येत आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर तो बारमाही दिसत असेल, तर नळाचा संशय घ्यावा. शंका उरल्यास त्या जागीं प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडा चिकटपट्टीनें बंद करून एक-दोन दिवस लावून ठेवावा. भिंतीकडील बाजूस दंव जमलें, तर पाणी भिंतींतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमलें, तर तें हवेंतून येत आहे. भिंतींतील पाण्यास गवंडी किंवा नळकारागीर हवा. हवेंतील पाण्याची व्यवस्था घरच्यांनाच करतां येते.

ती व्यवस्था अशी. कपाटें भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावींत. स्वयंपाकाच्या आणि स्नानाच्या वेळीं वाफ बाहेर काढणारा पंखा चालवावा. कपडे निजण्याच्या खोलींत वाळत घालूं नयेत. "खिडक्या सदैव उघड्या ठेवा" हा थंड देशांतला उपदेश येथें जसाच्या तसा लागू पडत नाहीं. धो धो पावसांत खिडकी उघडली, तर ओलच आंत येते. पाऊस उघडून ऊन पडलें, कीं खिडक्या आणि कपाटांचीं दारें सताड उघडावींत. एरवीं छताचा पंखा फिरता ठेवावा. आर्द्रतामापक अल्प किंमतीस मिळतो. त्याचा कांटा शेंकडा ६० च्या खालीं राहिला, तर बुरशीचें फारसें चालत नाहीं. पेटींत टाकलेल्या डांबराच्या गोळ्या मात्र कसरीसाठीं आहेत. बुरशीस त्या आवरीत नाहींत.

सफाई करतांना कोरड्या झाडणीनें डाग झाडूं नयेत. त्यानें बीजाणु घरभर उडतात. नाकातोंडावर मुखपट्टी आणि हातांत मोजे घालून साबणाच्या पाण्यानें घांसावें, आणि जागा पूर्ण सुकवावी. ब्लीचिंग पावडर वापरल्यास तिच्यांत शौचकूपासाठीं वापरावयाचें आम्ल कधींही मिसळूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो. आंतपर्यंत बुरशी गेलेली गादी किंवा प्लायवूडची फळी टाकून देणें बरें. आणि ओल्या भिंतीवर रंग देणें म्हणजे जखम न धुतां वर पट्टी बांधणें होय.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. ओल व बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे विकार अधिक आढळतात, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत नमूद आहे. लहान मुलें व वृद्ध यांना हा उपद्रव विशेष होतो. २०२१ सालीं कोविडच्या रुग्णांत ज्या "काळ्या बुरशी"नें महाराष्ट्रांत भय पसरलें, तो रोग मात्र निराळा; भिंतीवरील काळा डाग पाहून त्याची धास्ती घेऊं नये.

खरी धास्ती घ्यावी ती धान्याच्या डब्यांत. १९७४ सालीं अवेळीं पावसानें भिजलेला, बुरशी आलेला मका गुजराथेंतील पंचमहाल आणि राजस्थानांतील बांसवाडा या जिल्ह्यांतील गरीब कुटुंबांनीं खाल्ला. कावीळ होऊन ३९७ जण आजारी पडले आणि त्यांतील १०६ दगावले. अस्परजिलस जातीच्या बुरशीनें निर्माण केलेलें अफ्लाटॉक्सिन हें विष त्याच्या मुळाशीं होतें. घरगुती शिजवण्यानें किंवा भाजण्यानें हें विष पुरतें नाहींसें होत नाहीं. म्हणून बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, पोळी खरवडून किंवा पीठ चाळून वापरण्याची काटकसर करूं नये. भिंत धुतां येते. दाणा धुतां येत नाहीं. भात साठवितांना त्यांतील ओलावा शेंकडा १४ च्या वर नसावा, हा नियम त्याचसाठीं आहे.

वैशाखांत अंगणभर वाळवणें घालणाऱ्या आजीला अफ्लाटॉक्सिनचें नांव ठाऊक नव्हतें. परंतु दाणा दांतांखालीं कट्कन् फुटल्यावांचून ती तो डब्यांत भरीत नसे. ती आधीं कोरडें करी, मग झांकण लावी. भिंतीचा रंग असो, कपाटांतील कापड असो वा डब्यांतील धान्य असो, पावसाळ्याच्या घरांत कामाचा क्रम तोच ठेवावा.